कापडी पॅनेलवर प्लॅकार्ड: तिसरा प्रयत्न टिकला

मी बांधत असलेल्या विमानाच्या केबिनच्या आतली पॅनेलं मागच्या महिन्यात तयार झाली. अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर 5 मिमी फोम, वर राखाडी पॉलिएस्टर कापड. आता फक्त प्लॅकार्ड, म्हणजे सूचनांच्या पाट्या, लावायची, एका संध्याकाळचं काम, असं धरून चाललो होतो. तीन आठवडे गेले.

अमेरिकी नियमांप्रमाणे हौशी बांधणीच्या विमानात प्रवाशाला वाचता येईल अशी इशाऱ्याची पाटी लागते: हे विमान हौशी बांधणीचं आहे आणि प्रमाणित विमानांना लागू असलेले सुरक्षा नियम ते पाळत नाही. शिवाय सामानाच्या वजनाची मर्यादा आणि इंधन सिलेक्टरच्या (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते निवडणाऱ्या कळीच्या) खुणा. दाराजवळचं ‘एक्सपेरिमेंटल’ (प्रायोगिक) हे अक्षरलेखन 2 ते 6 इंच उंचीच्या अक्षरांत हवं, पण ते मी रंगवलेल्या पत्र्यावर लावलं, तिथे काही अडचण आली नाही. अडचण सगळी कापडाची.

आधी व्हिनाइलचे स्टिकर लावून पाहिले. दुपारी बंद केबिन तापली आणि कोपरे सुटले. कापडाला सपाट पृष्ठभाग नसतोच, गोंद फक्त धाग्यांच्या उंचवट्यांना चिकटतो. मग जाड ॲक्रिलिक फोम टेप घेतली. ती चांगली धरली, पण ओढून पाहिलं तेव्हा टेपसकट कापडच खालच्या फोमवरून उचललं गेलं. वरचा गोंद जितका भक्कम, तितका ताण खालच्या गोंदावर जातो, हे मला त्या दिवशी कळलं. कापडावर भार टाकायचाच नाही, पाटी मागच्या पत्र्याने धरली पाहिजे.

मध्ये एक आठवडा भरतकामाचा विचार केला. नमुना सुंदर दिसत होता आणि मला तो मनापासून आवडला होता. पण 5 मिमीपेक्षा लहान अक्षरांची पोटं दोऱ्याने भरून जातात, ‘8’ आणि ‘6’ यांत फरक राहत नाही. वजनाच्या पाटीवर हे चालणार नाही. पुन्हा वजन करून आकडा बदलला तर पॅनेलच नव्याने मढवावं लागेल, हेही होतंच.

शेवटी 0.8 मिमीच्या काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर अक्षरं कोरून घेतली आणि पाट्या स्क्रूने आरपार बसवल्या. यातलं भोक पाडणं हेच खरं काम. पहिल्या पॅनेलवर मी सरळ ड्रिल चालवलं. बिटाला धागा गुंडाळला गेला आणि कापडात दहा सेंटीमीटरची रेघ ओढली गेली. ते पॅनेल पुन्हा मढवलं. आता असं करतो: खूण करून सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकाने कापड आणि फोम वितळवायचा, म्हणजे भोकाची कडही बंद होते (धूर होतो, खिडकी उघडी ठेवा). त्या भोकात पितळी नळीचा छोटा तुकडा पत्र्यापर्यंत घालायचा आणि नळीच्या आतून ड्रिल करायचं. बिट धाग्याला शिवतच नाही. हे फक्त कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी. लोकर किंवा चामडं वितळत नाही, तिथे पंचच हवा.

स्क्रू आवळला की फोम दबतो, पाटी वाकते आणि भोवती खड्डा पडतो. म्हणून ड्रिलसाठीची नळी काढून तिच्या जागी 4.5 मिमी लांबीची ॲल्युमिनियमची बाही (स्क्रूभोवतीची पोकळ नळी) ठेवतो. फोम अर्धा मिलिमीटर दबतो, पाटी घट्ट बसते आणि सपाट राहते. पातळ पत्र्यात आटे टिकणार नाहीत, त्यामुळे मागे मोठा वॉशर आणि सेल्फ-लॉकिंग नट. डाव्या पॅनेलमागून फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या पट्टीचा) दांडा जातो. तिथे स्क्रूचं टोक नटाबाहेर दोन आट्यांपेक्षा जास्त ठेवलं नाही, आणि पॅनेल बसवून फ्लॅप पूर्ण खाली-वर करून पाहिला.

कंपासजवळच्या पाटीला पितळी स्क्रू लावले. पोलादी स्क्रू जवळ नेला तर कंपास स्पष्ट हलत होता. स्टेनलेससुद्धा लावण्याआधी असंच तपासून घ्या, काही तुकडे किंचित चुंबकीय निघतात.

अक्षरं पांढरीच ठेवली. पांढऱ्यावर लाल अक्षरं दिवसा उठून दिसतात, पण रात्री लाल दिव्याखाली गायब होतात.

सामानाची आणि प्रवाशाची पाटी बसली. इंधन सिलेक्टरच्या पाट्यांची भोकं तयार आहेत, पण टाक्या भरून-रिकाम्या करून वापरण्याजोगं इंधन नक्की मोजल्याशिवाय आकडे कोरायला देणार नाही. तोवर त्या जागी टाचणीने कागद लावलाय.