खिशातला हात

मी दुखापत झालेल्या हातांना व्यायाम देते. कडबाकुट्टीची केस आली की मी आधी विचारते, लाइट कधी आली होती? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रात्री. वैरण झोपेच्या डोळ्यांनी कापली जाते आणि मशीनच्या तोंडावर झाकण नसतं.

हा मुलगा सहावीतला. उजवी तर्जनी मुळाजवळच्या पेरावर तुटलेली. बोट घरच्यांनी थेट बर्फात घालून आणलं होतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. बर्फ सरळ लागला की पेशी मरतात. हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं का नाही, याचा मला दर वेळी संताप येतो. शिवाय टाके काढल्यानंतर पाच आठवडे त्याला माझ्याकडे कुणी पाठवलंच नाही. ‘बोट गेलं, आता व्यायाम कसला?’ म्हणणारे डॉक्टर अजून आहेत.

तर्जनी गेली की तिचं काम मधलं बोट उचलतं. मेंदू हे पटकन शिकतो, पण हात वापरात असेल तरच. आधी उरलेल्या टोकाला काही लागलं की उठणारी कळ घालवायची. त्यासाठी त्याला स्पर्शाची सवय लावायची: कापूस, मग तांदूळ, मग ज्वारी, शेवटी खरखरीत टॉवेल. हा मुलगा ज्वारीपर्यंत आला आणि थांबला. हात सतत खिशात. शाळेत त्याला ‘थोट्या’ म्हणतात, हे त्याच्या आईने मला हळू आवाजात सांगितलं.

क्रिकेटवेड्या मुलांना मी भारताच्या भागवत चंद्रशेखरांचं सांगते, पोलिओ झालेल्या हाताने टाकलेल्या लेगस्पिनचं. पण याच्यासाठी माझ्याकडे आणखी जवळचा माणूस होता. मॉर्डेकाय पीटर सेंटेनियल ब्राऊन, अमेरिकेतल्या इंडियानाचा बेसबॉल पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जन्म १८७६चा, देशाच्या शताब्दी वर्षातला, म्हणून नावात ‘सेंटेनियल’. लहानपणी शेतावर वैरण कापायच्या यंत्रात त्याची उजवी तर्जनी गेली. पुढे पडून आणखी बोटं मोडली, मधलं वाकडं जुळलं, करंगळी निकामी झाली. त्या वाकड्या बोटावरून सुटणारा चेंडू फलंदाजाजवळ येऊन अचानक खाली बसायचा. १९०६ साली शिकागो कब्ज या संघाकडून त्याच्या नावावर २६ विजय, ६ पराभव. १९०८मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पहिल्याच डावात त्याला मैदानात आणलं आणि त्याने न्यूयॉर्कच्या मॅथ्यूसनसारख्या दिग्गज पिचरला हरवलं. कब्जने त्या वर्षी जिंकलेला वर्ल्ड सिरीजचा किताब त्यांना पुन्हा मिळायला २०१६ उजाडलं. कारकिर्दीत एकूण २३९ विजय.

मुलगा डोळे मोठे करून ऐकत होता. मग मी म्हणाले, “त्याला सगळे ‘थ्री फिंगर ब्राऊन’ म्हणायचे.”

शेजारच्या टेबलावरचा अटेंडंट लगेच हाक मारून मोकळा झाला, “काय रे थ्री फिंगर!” माणूस प्रेमळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण हात खिशात गेला तो गेला. अटेंडंटवर मी चिडले, तरी नाव मीच पुरवलं होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. “संघातली पोरं त्याला वेगळंच म्हणायची. ‘मायनर’.”

“म्हणजे?”

“खाणकामगार. बेसबॉलच्या आधी तो कोळशाच्या खाणीत होता ना.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, “मॅडम, तो चेंडू धरायचा कसा?”

ड्रॉवरमध्ये टेनिसचा चेंडू होता. त्याने हात बाहेर काढला. मधलं बोट वर, अंगठा खाली, आणि तर्जनीचं उरलेलं टोक चेंडूच्या बाजूला टेकलेलं. ज्याला ज्वारीही सोसत नव्हती, ते टोक त्याने आपणहून दाबून धरलं. मी घड्याळाकडे पाहिलं: चार मिनिटं. पाच आठवडे उशिरा आलेल्या हातासाठी हे फार होतं.

पण तीन बोटांचं नाव जगभर राहिलं आणि खाणीचं मागे पडलं, हे मला त्या दिवसापासून टोचतंय. पुढच्या मुलाला ही गोष्ट सांगताना आधी कुठलं नाव घ्यावं?

गुरुवारी तो परत आला. चेंडू डाव्या हातात होता. उजवा खिशात.