रानपिंगळ्याच्या ढोल्या आणि खकनारचे वणवे

इंदूरची रंगपंचमीची गेर आटोपली की उन्हाचा जोर वाढतो आणि त्याच सुमारास निमाड-सातपुड्याच्या रानांत वणव्यांचे दिवस सुरू होतात. पक्षी पाहणारे आमच्याकडचे बहुतेक लोक हा काळ टाळतात. परंतु रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या घरावर वणव्याने नेमके काय ओढवते ते पाहायचे असेल, तर याच दिवसांत जायला हवे असे मला वाटत होते. आमच्या गटातील ज्येष्ठ काकांनाही ते पटले आणि आम्ही दोघे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारकडे निघालो. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल, सनावद, खंडवा आणि अशीरगडाचा पायथा असा हा रस्ता आहे. बुऱ्हाणपुरात तापी ओलांडून मुक्काम केला आणि पहाटे रानात शिरलो.

या पक्ष्याची कथा विलक्षण आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूम यांनी, १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले आणि तो नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाही खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला होता. तो नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. या खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांना चुकीच्या ठिकाणी नेले, याचा मला आजही संताप येतो. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे लक्ष वळवले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांच्या चमूला शहाद्याजवळच्या रानात हा पक्षी दिसला. त्यानंतर तोरणमाळ, तळोदा, यावल, मेळघाट, तानसा, डांग आणि आपल्या बाजूला खकनार येथे तो आढळत गेला. ठिकाणे वाढल्यामुळे २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात घेण्यात आले. पण ही ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली आहेत, हे विसरता येत नाही.

आमच्यासोबत आलेला नाकेदार, म्हणजे वनरक्षक, याच भागातला होता आणि निमाडी, हिंदी व मराठी सारख्याच सहजतेने बोलत होता. सागाची पाने गळून गेली होती आणि पायाखाली कुरकुरीत पाचोळ्याचा थर होता. सूर्य चांगला वर आल्यावर काकांनी हात वर करून थांबायला सांगितले. सालईच्या निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा उघड बसला होता. हा पिंगळा दिवसा शिकार करतो. घराजवळच्या साध्या पिंगळ्यासारखे ठिपके याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात, पोटाचा खालचा भाग पांढरा असतो, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पाय दणकट, पिसांनी भरलेले असतात. तो शेपूट डावी-उजवीकडे झटकत खाली पाहत होता आणि काही वेळाने त्याने पाचोळ्यातून एक सरडा उचलला. सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि नाकतोडे हे त्याचे मुख्य अन्न जमिनीवरच असते, म्हणून जमिनीवरची आग त्याच्या अन्नावरही घाला घालते.

पुढच्या ओढ्याकाठी नाकेदाराने आम्हाला एक रोहणाचे झाड दाखवले, म्हणजे त्याचे जे उरले होते ते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ते उभे होते आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी ये-जा करत असे. आपल्या रानातला वणवा क्वचितच शेंड्याला भिडतो; तो पाचोळा जाळत जमिनीलगत सरकतो आणि त्यामुळे झाडे वाचली असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. परंतु जुन्या झाडाच्या बुंध्याला भेग किंवा पोकळी असेल, तर आग तेथून आत शिरते आणि वाळलेला, कुजलेला गाभा धुराड्याप्रमाणे खालून वर पेटत जातो. शेजारचा तरुण साग काळवंडून जगतो आणि ढोलीचे झाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळते. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. रोहण, बोंडारा, सालई यांसारख्या झाडांतील नैसर्गिक किंवा सुतार पक्ष्याने केलेल्या ढोलीतच तो घर करतो. डिंकासाठी वार केलेली सालई तर राळेमुळे लगेच पेट घेते. शिवाय दरवर्षीच्या आगीत रोपे जळतात, त्यामुळे गेलेल्या झाडाची जागा घेणारे झाड तयारच होत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ठिपकेदार घुबडाच्या जुन्या अरण्यांत आग शेंड्यांतून भडकते आणि आगीने घुबडाचे किती नुकसान होते, हा तेथील वाद त्याच आगीभोवती फिरतो. आपल्याकडची आग छोटी दिसते, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते, असे माझे मत झाले आहे. पोकळ, वाकडे, अर्धे वाळलेले झाड ‘निकामी’ समजून तोडण्याची सवयही तितकीच घातक आहे.

आग बहुधा माणूसच लावतो, आणि ती का लावतो हे समजून घेण्यासाठी आम्ही जवळच्या कोरकू पाड्यावर गेलो. मोहाची फुले पहाटे पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करतात. “ताई, झाडून काढायला वेळ लागतो आणि उशीर झाला की फुले गुरे खातात,” असे एका आजीने मला सांगितले. विड्यांसाठी पाने देणाऱ्या तेंदूला कोवळी पाने लवकर फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. आजींच्या सुनेने मात्र या वर्षी झाडाखाली जुन्या साड्या बांधल्या होत्या आणि तिची फुले माती-राखेविना स्वच्छ निघत होती. अशा फुलांना वेगळा, चढा भाव मिळेल अशी व्यवस्था झाली आणि मोहाच्या झाडांसाठी जाळ्या मिळाल्या, तर काडी ओढण्याचे कारणच उरणार नाही.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे येणारी आगीची सूचना नाकेदाराच्या फोनवर येते. पण उपग्रह रानावरून जाईपर्यंत आणि माणूस तेथे पोहोचेपर्यंत ओढ्याकाठचे झाड आतून पेटलेले असते. त्याचे म्हणणे असे, की सगळे रान राखणे एका माणसाच्या हातचे नाही, परंतु ढोलीची झाडे आधी माहीत असतील, तर फाल्गुनापूर्वी त्यांच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा ओढून मोकळे आळे करता येईल. ही सूचना मला सर्वांत व्यवहार्य वाटली. काकांनी परतताना दिसलेल्या प्रत्येक ढोलीच्या झाडाची जात, बुंध्याची अवस्था आणि जागा टिपून घेतली. ती यादी आम्ही वन विभागाकडे दिली असून ठिकाणे येथे मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण फोटोसाठी आवाज वाजवून पिंगळ्याला बोलावणारे लोकही रानात येतात. ऑक्टोबरमध्ये त्याचा विणीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा हीच यादी घेऊन आम्ही पुन्हा खकनारला जाणार आहोत. त्याआधी इंदूरमधील कोणाला मोहाखाली बांधण्यासाठी जुन्या सुती साड्या द्यायच्या असतील, तर त्यांनी जरूर कळवावे. पाड्यावरच्या बायकांनी त्या मागितल्या आहेत.