परसातली कॉफी, चौथा उन्हाळा: अकरापैकी सात फुलली

सात झाडं फुलली! उरलेल्या चारांचं मातेरं मीच केलं, तेही सांगतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. घर यावल तालुक्यात, केळीबागेला लागून. चिकमगळूरकडची चंद्रगिरीची (अरेबिका कॉफीची एक जात) रोपं २०२१ च्या पावसाळ्यात लावली. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडी, म्हणून दोन फुटी खड्ड्यांत तांबडी माती आणि कुजलेला पालापाचोळा भरला. वर शेडनेट, पश्चिमेला केळीची रांग. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, सावलीशिवाय गत नाही.

गेल्या वर्षापर्यंत ही झाडं केळीच्याच व्हॉल्व्हवर होती. रोज ठिबक. पानं अशी चकचकीत की येणारा-जाणारा थांबून बघायचा, आणि फुलं म्हणाल तर इकडे दोन, तिकडे तीन. लिंबाला, डाळिंबाला बहार धरताना ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, हे लहानपणापासून बघतोय, पण कॉफीच्या वेळी डोक्यात प्रकाश पडला नाही. कर्नाटकात हा ताण हवाच देते. पावसाळ्यानंतर कळ्या धरतात, कोरड्या दिवसांत निजून राहतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत फुलतात. सर चुकली तर तिथले रोबस्टा या दुसऱ्या जातीची कॉफी घेणारे तुषार लावून २५ ते ४० मिलिमीटर पाणी देतात.

२० डिसेंबर. कॉफीला वेगळा कॉक बसवला आणि बंद केला. जानेवारीत दुपारी पानं मलूल व्हायची, संध्याकाळी सावरायची. एवढा ताण चालतो. सकाळीही पान लोंबलेलं दिसलं तर मात्र जास्त झाला समजायचं.

११ जानेवारी. केळीला पाणी सोडताना कॉफीच्या शेवटच्या ओळीतल्या चार झाडांची नळी बंद करायची राहिली. झाडामागे जेमतेम तीन लिटर गेलं असेल. त्या चार झाडांच्या कळ्या फुगल्या, गुलाबट झाल्या आणि तशाच वाळल्या. त्यापेक्षा अजिबात पाणी मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी. ताण तोडला. २५ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. माझं आळं सव्वा चौरस मीटरचं, म्हणून ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर चार तास चालवले. पण ठिबक मुळाशीच ओल देतं, पाऊस कळ्याही भिजवतो. बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी फवारणीच्या पंपाने फांद्यांवर मारलं. घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

१७ फेब्रुवारी. पहाटे कुंपणापलीकडून आबांचा आवाज, "काय भो, मोगरा लावला का?" बाहेर आलो तर पेरापेरावर पांढरे झुबके, पान दिसेना. तीन दिवस घमघमाट होता, चौथ्या दिवशी फुलं तपकिरी. पत्र्याच्या शेडजवळच्या झाडाला मात्र बरीचशी फुलं नीट उमललीच नाहीत. बारीक, हिरवट, कडक चांदण्या नुसत्या. पत्र्याच्या झळीमुळे असावं, पाणी कमी पडलं तरीही असं होतं. त्यांतून फळ धरत नाही.

मार्चच्या सुरुवातीला दुसरं भरपूर पाणी दिलं. तेव्हापासून वाफसा बघून दर तिसऱ्या दिवशी. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, माती चिकटली तर कॉक उघडायचा नाही.

आज फळं टाचणीच्या डोक्याएवढी आहेत. दोन झाडांची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. खड्ड्यात तांबडी माती भरली तरी बोअरच्या पाण्यातून चुना येतोच, मग झाडाला लोह लागू होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारलंय, पंधरा दिवसांनी फोटो टाकतो.

खरा घोर वेगळाच आहे. पश्चिमेच्या केळीचे घड मेच्या दुसऱ्या आठवड्यात कापणीला येतील. घड गेला तरी सावलीसाठी खोड पानांसकट उभं ठेवायचं, असं घरी आत्तापासून बजावून ठेवलंय.