पाच ग्रॅम पावडर, पन्नास किलो खाद्य: कोंबड्यांच्या एन्झाइमची हिवाळी नोंदवही

मंडळी, राम राम. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या घरामागचा माझा खुराडा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सध्या अंड्यांच्या 22 कोंबड्या आहेत, बहुतेक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) आणि थोड्या कावेरी जातीच्या. शिवाय जानेवारीत 14 पिल्लं आली. खाद्य घरीच करतो. दिवसाला कोंबडीमागे 110 ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे 50 किलोचं पोतं वीस दिवस पुरतं. खालच्या नोंदी पोत्यांच्या हिशोबाने आहेत.

पोत्याचा ठरलेला हिशोब असा: मक्याचा भरडा 27 किलो (येवल्याकडचा मका, ओल बघूनच घेतो), सोया पेंड साडेअकरा, गव्हाचा कोंडा 5, बारीक चुनखडी 2, शिंपल्याचा जाड चुरा 3, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरस आणि कॅल्शियम देणारी पावडर) 600 ग्रॅम, मीठ 150 ग्रॅम. उरलेल्या पाऊण किलोत तेल, मिथिओनिन (एक अमिनो आम्ल) आणि व्हिटॅमिन-मिनरल मिक्श्चर. प्रथिनं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास बसतात, कॅल्शियम पावणेचारच्या वर.

पहिलं पोतं, 9 नोव्हेंबर

फायटेजची पुडी आणली. हे धान्यात बांधलेला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम. दुकानदाराने "अंडी वाढवायचं टॉनिक" म्हणून हातात दिली. मी विचारलं, युनिट किती? तो म्हणाला, "दादा, टाका बिनधास्त, सगळे टाकतात." घरी येऊन भिंगाने बारीक अक्षर वाचलं: ग्रॅमला 5000 एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचं युनिट). किलोभर खाद्याला 500 एफटीयू ही नेहमीची मात्रा, म्हणजे टनाला 100 ग्रॅम आणि माझ्या पोत्याला फक्त 5 ग्रॅम. ज्या पुडीवर युनिट आणि मुदत छापलेली नसेल ती घेऊच नका.

आता 5 ग्रॅम पावडर 50 किलोत सारखी पसरायची कशी? आधी सराव केला. तांदळाच्या पिठात 5 ग्रॅम हळद टाकून घमेल्यात हाताने कालवली. पाच मिनिटं कालवूनही पिवळे पट्टे तसेच. मग टप्प्याने गेलो: 5 ग्रॅम हळद 100 ग्रॅम पिठात, बरणीत घालून दोन मिनिटं खळखळ हलवली, ते मिश्रण किलोभर पिठात ओतलं, पुन्हा हलवलं. रंग एकसारखा आला. तेव्हापासून खाद्यालाही हाच क्रम: बरणी, मग किलोभर भरडा, मग पाच किलो, मग ताडपत्रीवर सगळा ढीग फावड्याने तीनदा उलटा. बायकोने पिठाबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

वीस दिवसांनी काय? काहीच नाही. अंडी रोजची 15-16, तेवढीच.

दुसरं पोतं, 29 नोव्हेंबर

चूक कुठे झाली ते उशिरा कळलं. मका आणि सोयातला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो. बीजाने तो पुढच्या रोपासाठी राखून ठेवलेला असतो. मिसळीसाठी मटकीला मोड आणतो ना, तेव्हा बीजातलं फायटेज जागं होतं आणि ही गाठ सोडायला लागतं. कोंबडीच्या पोटात फायटेज जेमतेम, त्यामुळे बांधलेला फॉस्फरस बराचसा विष्ठेतून बाहेर. तो भरून काढायला आपण डीसीपी टाकतो.

मी काय केलं होतं? डीसीपी पूर्ण 600 ग्रॅम ठेवून वर फायटेज टाकलं होतं. फॉस्फरस आधीच पुरेसा होता, त्यात आणखी मोकळा झाला आणि तोही बाहेर पडला. कोंबडीला फरक कशाचा पडणार! पगार पुरत असताना घरात सापडलेली नोट बँकेत टाकावी, तसं झालं.

500 एफटीयूने साधारण 0.1 टक्का फॉस्फरस मोकळा होतो असं धरतात. 50 किलोत तो 50 ग्रॅम. डीसीपीत फॉस्फरस 18 टक्के, म्हणून 50 ग्रॅम फॉस्फरस म्हणजे साधारण 275 ग्रॅम डीसीपी. तेवढं कमी करून या पोत्यात 325 ग्रॅमच टाकलं. डीसीपीबरोबर थोडं कॅल्शियमही गेलं, ते चुनखडीत मूठभर वाढवून भरलं.

हे करताना छाती धडधडत होती. अंड्यावरच्या कोंबडीला फॉस्फरस कमी पडला तर दुसऱ्या दिवशी कळत नाही. हळूहळू अंडी घटतात, पाय लटपटतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून रोज पाच अंड्यांची कवचं धुऊन, आतली पापडी काढून, उन्हात वाळवून सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलायला लागलो. कवचातलं कॅल्शियमच दोन ग्रॅमच्या आसपास असतं, ते कुठून तरी यायलाच हवं.

तिसरं पोतं, 19 डिसेंबर

कवचांची सरासरी: डीसीपी कमी केल्यावर सुरुवातीच्या दिवसांत 5.6 ग्रॅम, वीस दिवसांच्या शेवटी 5.5. माझ्या काट्याची चूकच तेवढी असेल. अंडी 15-16. एकही कोंबडी पाय गळून बसलेली नाही.

म्हणजे यावेळीही "काहीच झालं नाही". पण पहिल्या वेळचं काहीच-नाही वेगळं आणि हे वेगळं. यावेळी पावणेतीनशे ग्रॅम डीसीपी गायब होतं आणि कोंबड्यांना पत्ताही नव्हता. खाद्यातून काही काढलं नाही, तर फायटेज कामाला आहे की नाही हे घरच्या खुराड्यात समजायला मार्गच नाही.

शेजारच्या नानांची द्राक्षबाग आहे, आमचं कोंबडखत त्यांच्याकडेच जातं. त्यांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "काय भो, म्हणजे माझ्या बागेचा फॉस्फरस तू कोंबड्यांना खाऊ घालतोयस." गंमत म्हणजे फायटेज पुढे आलं ते याच कारणाने. 1991 मध्ये ते बाजारात आलं तेव्हा नेदरलँड्समध्ये जनावरांच्या खतातला फॉस्फरस जमिनीत आणि पाण्यात साचतोय, ही मोठी डोकेदुखी होती. तिकडे नको झालेला फॉस्फरस नानांना हवाय.

एक बदल या पोत्यापासून: शिंपल्याचा चुरा खाद्यात न मिसळता संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवतो. खाद्यात कॅल्शियम जास्त झालं की ते फायटेटला धरून बसतं आणि एन्झाइमला दाद देत नाही. शिवाय कवच चढतं मुख्यतः रात्री. जाड चुरा पेट्यात (कलेजी-पेट्यातला पेटा, तोच) अडकून सावकाश विरघळतो, रात्रभर पुरतो.

चौथं पोतं, 8 जानेवारी: माती खाल्ली

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या, इथे पहाटे बोटं वाकत नाहीत. कोंबड्यांची दया आली म्हणून आठवडाभर सकाळच्या खाद्यात उकळतं पाणी ओतून गरमागरम लापशी दिली. सातव्या दिवशी ट्यूब पेटली. एन्झाइम हेही प्रथिनच. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग परत पातळ होत नाही, तसंच हे. डीसीपी कमी आणि फायटेज शिजलेलं, म्हणजे दोन्हीकडून नागवलो. गोळी खाद्य करणारे कारखाने वाफेने खाद्य 80-85 अंशांवर नेतात, म्हणून ते आवरण चढवलेलं एन्झाइम वापरतात किंवा गोळी थंड झाल्यावर फवारतात. मी साधा भरडा देणारा, मला ही अडचण नव्हतीच, ती ओढवून घेतली. कोंबड्यांना काही झालं नाही, आठवडाच होता.

आता कोमट पाणी, बोट बुडवून सोसेल इतपतच.

आईचं यावर वेगळंच. ती लहानपणापासून कोंबड्यांना गव्हाचा कोंडा ताकाच्या निवळीत रात्रभर भिजवून देत आली. मला ती गावठी सवय वाटायची. पण गव्हाच्या कोंड्यात स्वतःचं फायटेज भरपूर असतं (मका-सोयात नावालाच), आणि ओल, ऊब, किंचित आंबटपणा मिळाला की ते कामाला लागतं. पुडी न विकत घेता आई तेच करत होती. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग ती पुडी कितीला पडली?"

पिल्लं आणि गहू, 25 जानेवारीपासून

निफाडच्या मामांकडून चाळणीखालचा, चिरमटलेला गहू स्वस्तात मिळाला. पिल्लांच्या खाद्यात 40 टक्के घातला. (पिल्लांचं खाद्य वेगळंच ठेवा. अंड्यांच्या कोंबडीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.) पाचव्या दिवशी विष्ठा चिकट, पातळ, तुसाचे गोळे, ढुंगणाला लगदा. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठा तपासून घेतली, रक्ती हगवण नाही याची खात्री केली. ही पायरी गाळू नका.

मग संशय गव्हावर. गव्हात अरॅबिनोझायलन नावाचा तंतू असतो, त्याचा विरघळणारा भाग पाणी धरून आतड्यात खळीसारखा होतो. त्या चिकट रसात पाचक रस आणि अन्न नीट मिसळत नाहीत. मोठ्या कोंबड्या हे बऱ्यापैकी सोसतात, पिल्लांना जड जातं. यावर उपाय झायलनेज, हा तंतू कापणारं एन्झाइम.

पिल्लांना देण्याआधी स्वयंपाकघरात बघून घेतलं. गव्हाचा जाडसर भरडा 50 ग्रॅम, कोमट पाणी 200 मिली, असे दोन ग्लास. एकात चिमूटभर झायलनेज. तासाभराने मलमलीतून गाळून वरचं पाणी सुईविना सिरिंजमधून थेंबथेंब सोडलं आणि मोबाइलवर वेळ लावली. साधं पाणी 22 सेकंद. गव्हाचं पाणी 41. झायलनेजवालं 29. तीनदा केलं, एखाद-दोन सेकंदांचाच फरक. तेच मक्यावर केलं तर एन्झाइम असो-नसो, 24 आणि 24. मक्यात त्या एन्झाइमला कापायला असं चिकट काही जवळपास नाहीच. "झायलनेज चांगलं का?" असं विचारणाऱ्यांनी आधी पोत्यात काय आहे ते सांगावं.

पिल्लं धुऊन फळी टाकून 7-7 केली, दोन्हीकडे तोच गहू, एकीकडे झायलनेज. आठ दिवसांनी ढुंगण खराब: झायलनेजवाल्या बाजूला एक, दुसरीकडे पाच. कोपरा ओला असेल, वारा लागत असेल, म्हणून पिल्लं पुन्हा धुऊन खाद्याची अदलाबदल केली. आठवड्याने घाण खाद्याच्या मागोमाग गेली, कोपऱ्यात राहिली नाही. सात-सात पिल्लं म्हणजे काही पुरावा नव्हे, पण माझं समाधान झालं.

उरलेला गहू मक्याच्या जागी मोठ्या कोंबड्यांना दिला, तर घरात वेगळीच बोंब. बलक फिका पडला. मुलगी म्हणाली, "बाबा, कोंबडी आजारी आहे का?" पिवळेपणा मक्यातल्या रंगद्रव्याचा, गव्हात तो जवळपास नसतो. एन्झाइम यात काही करू शकत नाही. रोज मेथी-घासाच्या दोन जुड्या टांगल्यावर रंग परत आला.

सध्या

सहावं पोतं चालू आहे, डीसीपी 325 वरच, कवचं 5.5. प्रोटीएजची (प्रथिनं पचवायला मदत करणाऱ्या एन्झाइमची) पुडी आणून ठेवली आहे, पण प्रथिनं किती कमी करायची हे ठरत नाही, म्हणून फोडली नाही. सिन्नरहून वीस किलो बाजरी आली आहे. आज तिचं पाणी सिरिंजमधून सोडलं, 26 सेकंद, झायलनेज घालून 25. म्हणजे बाजरीच्या पोत्यात झायलनेज टाकणार नाही. नाना रविवारी खताच्या गोण्या न्यायला येतील, तेव्हा फॉस्फरसबद्दल मी तोंड उघडणार नाही.