जिथे स्टेडियम होतं तिथे: क्लीव्हलँड, कँटन, पिट्सबर्ग

आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात भिंतीला टेकवून एक लाकडी फळी उभी असते. हातभर लांब, रंगाचे पोपडे निघालेले, एका टोकाला गंजक्या बोल्टचं भोक. गॅरेजात हिवाळी टायर आहेत, रंगाचे डबे आहेत, बर्फ ढकलायचं यंत्र आहे, पण त्या फळीवर कधी काही ठेवलेलं मी पाहिलं नाही. १७ डिसेंबर १९९५ ला क्लीव्हलँड म्युनिसिपल स्टेडियममध्ये ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा शेवटचा सामना झाला, तेव्हा ही फळी त्यांनी बाकड्याची उखडून आणली. संघमालकाने संघ बाल्टिमोरला नेणार असल्याचं महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. ब्राउन्सने सिनसिनाटीला २६-१० हरवलं, आणि लोक बाकडीच्या बाकडी उचकटून मैदानावर फेकत होते. "मी फेकली नाही, घरी आणली," एवढंच आजोबा सांगतात.

आम्ही ओहायो राज्यातल्या कोलंबसला राहतो. अमेरिकन फुटबॉल मला आजोबांनी शिकवला, तोही आजचा नाही, त्यांच्या तरुणपणचा. आठवड्याला एक जुना सामना, त्यांच्या दिवाणखान्यात. मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच शाहू स्टेडियमवर असली की आमच्या पेठेत दुपारनंतर दुकानं उघडी असून नसल्यासारखी असायची. संघ म्हणजे आपली तालीम, आपली गल्ली, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. बाकीचं सगळं सांगावं लागलं.

२०२४ च्या डिसेंबरात, शनिवार २१ ते सोमवार २३, आम्ही दोघं गाडीने निघालो. कोलंबसहून क्लीव्हलँड साधारण २३० किलोमीटर, तिथून कँटन ९५, कँटनहून पिट्सबर्ग १६०, आणि परत ३००. भारतातून येणार असाल तर क्लीव्हलँडला उतरून पिट्सबर्गहून परत जाणं सोयीचं, पण गाडी हवीच. मात्र आमच्यासारखं डिसेंबरात यायचं असेल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. एरी सरोवरावरून येणारा बर्फ तासाभरात रस्ता पांढरा करतो, आणि पाच वाजता अंधार पडतो.

आधी "जुना फुटबॉल" म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर कँटनचं संग्रहालय म्हणजे नुसती काचेतली हेल्मेटं वाटतील. १९७८ साली नियम बदलले. तोवर बचावपटू पास झेलायला धावणाऱ्याला मैदानभर ढकलत, अडवत नेऊ शकत असे. त्यानंतर ते पहिल्या पाच यार्डांपुरतंच राहिलं. समोरच्याच्या हेल्मेटवर उघड्या हाताने थप्पड हाणायची मुभा १९७७ मध्ये गेली. गोलपोस्ट १९७४ पर्यंत थेट गोलरेषेवर होते, खेळाडू त्यांवर आदळत. अशा खेळात लांब पास टाकणं जोखमीचं, म्हणून चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत शिरायचं आणि तीन यार्ड मिळवायचे. पुन्हा शिरायचं, पुन्हा तीन. मला ते पाहताना कबड्डीची पकड आठवते. सात जण एकाला ओढताहेत आणि त्याची बोटं रेषेकडे सरकताहेत, तसंच.

क्लीव्हलँडला सकाळी दहाला पोचलो. आजचं स्टेडियम १९९९ चं, ब्राउन्स याच नावाने नवा संघ उभा राहिला तेव्हाचं, त्याच जागी सरोवराच्या काठावर उभं. आत जायचं नव्हतंच. बाहेर जिम ब्राउन आणि ऑटो ग्रॅहम या ब्राउन्सच्या जुन्या खेळाडूंचे पुतळे आहेत, ते पाहा. जिम ब्राउन १९५७ ते १९६५ एवढीच नऊ वर्षं खेळला, दर धावेला सरासरी ५.२ यार्ड, आणि तिशीत ऐन भरात असताना खेळ सोडून गेला. २७ डिसेंबर १९६४ ला ब्राउन्सने बाल्टिमोर कोल्ट्सना २७-० हरवून विजेतेपद मिळवलं तेव्हा जुन्या स्टेडियममध्ये ७९,५४४ माणसं होती. त्यात सोळा वर्षांचे आजोबा आणि त्यांचे वडील. वडिलांना खांबामागची जागा मिळाली होती. तिथे छप्पर तोलणारे लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मधूनच जात. गॅरी कॉलिन्सने तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू गोलरेषेपार नेला, आणि त्यांतला एक वडिलांना दिसलाच नाही, लोकांच्या ओरडण्यावरून कळला. त्यानंतर आजवर क्लीव्हलँडला फुटबॉलचं विजेतेपद मिळालेलं नाही.

पुतळ्यांजवळ आजोबा पाच मिनिटं थांबले असतील. मग म्हणाले, "चल, स्टेडियम बघायला जाऊ," आणि मला पाण्याकडे घेऊन गेले. जुनं स्टेडियम पाडल्यावर त्याचं बरंचसं काँक्रीट सरोवरात टाकलं, माशांना आसरा म्हणून कृत्रिम खडक केले. किनाऱ्यापासून काही अंतरावर, पाण्याखाली. दिसत काहीच नाही. करडं पाणी, काठाशी बर्फाचा चुरा, बोचरा वारा. उन्हाळ्यात तिथे गळ टाकणारे लोक असतात. आजोबा कानटोपी खाली ओढून बराच वेळ उभे होते. शहराकडे पाठ करून पाहायचं असेल तर बंदराजवळचा धक्का, आणि शहरासकट पाहायचं असेल तर पश्चिमेचं एजवॉटर पार्क.

ब्राउन्सचं नवं छतबंद स्टेडियम ब्रुक पार्क या उपनगरात बांधायचं ठरलं आहे. म्हणजे सरोवराच्या वाऱ्यात फुटबॉल पाहायचा असेल तर फार वर्षं उरलेली नाहीत. सामन्याच्या दिवशी जाणार असाल तर भल्या सकाळी म्युनी लॉट या वाहनतळावर जा. गाड्यांच्या मागच्या झाकणावर चुली मांडलेल्या असतात, नवख्या माणसाला हाक मारून खायला घालतात. स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते, पाठीवरची सॅक नेलीत तर गाडीपर्यंत परत यावं लागेल. आणि आजोबांची युक्ती: पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा न्या, पायाखाली घ्यायला. थंडी वरून कमी, खालच्या काँक्रीटमधूनच जास्त चढते. मी दोन जोड मोजे घालून जे साधलं नव्हतं ते पुठ्ठ्याने साधलं.

रात्री कँटनजवळ एका मोटेलात उतरलो. खोलीतला हीटर मध्यरात्री बंद पडला, कोट घालून झोपलो. खोली ताब्यात घेतल्यावर हीटर तासभर चालवून बघा, मगच सामान उघडा.

कँटनमध्ये लोक थेट प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाला जातात. तुम्ही आधी गावात जा. क्लीव्हलँड ॲव्हेन्यू आणि सेकंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आता सरकारी इमारत आहे. १९२० मध्ये तिथे राल्फ हे या माणसाची हपमोबाइल गाड्यांची शोरूम होती. १७ सप्टेंबरला वेगवेगळ्या गावांच्या संघांचे लोक तिथे जमले, खुर्च्या पुरेनात म्हणून गाड्यांच्या पायफळ्यांवर बसले, आणि जिम थॉर्पला अध्यक्ष करून संघटना स्थापली. दोन वर्षांनी तिचं नाव एनएफएल झालं, तीच आजची व्यावसायिक फुटबॉलची लीग. कँटन बुलडॉग्ज हा इथलाच संघ १९२२ आणि १९२३ या दोन्ही मोसमांत अपराजित राहिला. जवळच सेंटेनियल प्लाझा आहे, तिथल्या अकरा खांबांवर पहिल्या शंभर वर्षांत खेळलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलंय. एकच सामना खेळलेल्याचंसुद्धा. आजोबा चष्मा पुसत पुसत एक नाव शोधत होते. त्यांच्या शाळेतला, दोन वर्गांनी पुढे असलेला मुलगा. सापडलं. हातमोजा काढून त्यांनी त्या नावावर अंगठा फिरवला.

हॉल ऑफ फेम १९६३ चं, हमरस्त्याला लागूनच, छपरावर फुटबॉलच्या आकाराचा घुमट. तिकीट आधीच काढून ठेवा, नाताळच्या दिवशी बंद असतं, आणि किमान चार तास द्या. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या खेळाडूंच्या समावेशाचा सोहळा असतो. त्या आठवड्यात गावात खोली मिळणं कठीण, मिळाली तर महाग. डिसेंबरच्या रविवारी आम्हाला अर्धी दालनं रिकामी मिळाली, कारण लोक घरी सामने बघत होते. शांतपणे पाहायचं असेल तर हाच दिवस.

शेवटी ठेवा ते ब्राँझच्या अर्धपुतळ्यांचं दालन. पावणेचारशेच्या आसपास चेहरे, मंद प्रकाशात. मॅरियन मॉटली तिथे आहे. तो कँटनमध्येच वाढला. १९४६ साली प्रशिक्षक पॉल ब्राउनने त्याला आणि बिल विलिसला क्लीव्हलँडच्या संघात घेतलं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना तेव्हा जवळजवळ बारा-तेरा वर्षं दारं बंद होती. त्याच मोसमात मायामीच्या सामन्याला हे दोघं जाऊ शकले नाहीत, फ्लोरिडाच्या कायद्याने गोऱ्यांसोबत खेळायला बंदी होती. जुना काळ चांगला होता म्हणणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं.

आणि माइक वेब्स्टरपुढे जास्त वेळ थांबावं. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा सेंटर, म्हणजे फळीच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा. तिथे पंधरा मोसम, चार सुपर बोल, म्हणजे लीगची विजेतेपदं. बर्फातही बाह्या वर करून उघड्या दंडांनी खेळायचा. त्याच्यासारख्यांमुळेच तर आम्हाला जुना फुटबॉल आवडतो. तो २००२ मध्ये गेला, पन्नासाव्या वर्षी. पिट्सबर्गच्या शवागारात डॉ. बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षांच्या आघातांनी झालेला आजार दाखवून दिला. मी ज्या धडकांवर टाळ्या वाजवत शिकलो त्याच धडका. आजोबांना विचारलं, नियम बदलले ते बरं झालं का? "बरंच झालं," ते लगेच म्हणाले. मग पुतळ्याकडे बघत, "पण मला आठवतो तो असाच." मलाही याच्यापुढे जाता येत नाही. खेळ बदलला हे योग्यच झालं, आणि तरी जुन्या सामन्याची फीत सुरू झाली की मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो.

वेळ असेल तर पंधरा मिनिटांवर मॅसिलन गाव आहे. तिथल्या शाळेच्या संघाला पॉल ब्राउनने १९३२ पासून नऊ मोसम शिकवलं, स्टेडियमलाही त्याचं नाव आहे. गावात मुलगा जन्मला की दवाखान्यात पाळण्यात छोटासा फुटबॉल ठेवतात. हे ऐकून मला शाहूपुरीतलं आमचं घर आठवलं.

सोमवारी पिट्सबर्ग. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे: ब्राउन्सच्या माणसाला स्टीलर्सच्या गावी नेणं म्हणजे काय ते दिलबहारवाल्याला पाटाकडीलच्या मंडपात बसवून बघा. आजोबांनी ब्राउन्सची नारिंगी कानटोपी काढली नाही. सकाळी मी त्यांना पेन हिल्सच्या टेकडीवरच्या श्री वेंकटेश्वर मंदिरात नेलं, हे १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. तिथल्या कँटीनमधला चिंचेचा भात त्यांनी दोनदा घेतला. स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये प्रिमँटीचं सँडविचही खा, पावात तळलेले बटाटे आणि कोबीची कोशिंबीर भरलेली असते. गिरणीत आणि मालट्रकवर राबणाऱ्यांना एका हातात धरून खाता यावं म्हणून, असं सांगतात. मांस नको असेल तर तसं सांगा.

गाडी गावातच लावा. दोन दिवसांनी नाताळचा सामना असल्याने नदीपलीकडच्या तळांचे दर चढलेले होते. गावातून नॉर्थ शोअरला जाणारी टी ही रेल्वे त्या टप्प्यात फुकट आहे, नदीच्या खालून जाते. ॲलेघेनी स्टेशनला उतरा, वेस्ट जनरल रॉबिन्सन स्ट्रीटने चालत जा. फुटपाथवर, वाहनतळाच्या कडेला, एक खूण आहे. शोधायला बघत बघत जावं लागतं.

इथे थ्री रिव्हर्स स्टेडियम होतं, २००१ मध्ये स्फोटाने पाडलं. २३ डिसेंबर १९७२, स्टीलर्स ६-७ ने मागे, २२ सेकंद बाकी, शेवटचा प्रयत्न. टेरी ब्रॅडशॉचा पास, स्टीलर्सचाच फुक्वा आणि समोरच्या रेडर्स संघाचा टेटम यांची धडक, चेंडू मागे उडाला, आणि जमिनीला टेकायच्या आत बुटांजवळ फ्रँको हॅरिसने उचलला तो थेट टचडाउनपर्यंत. चेंडू कोणाला लागून उडाला यावर अजून भांडण आहे. मालक आर्ट रूनी यांनी हा क्षण पाहिलाच नाही, हरलेल्या पोरांची समजूत काढायला ते लिफ्टने खाली निघाले होते. पिट्सबर्गच्या घरांतही तो कुणी पाहिला नाही, कारण त्या काळी घरच्या मैदानावरचा सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवत नसत.

तो क्षण घडला त्याच तारखेला, पावणेचारच्या आधी आम्ही पोचलो. पंधरा-वीस माणसं होती. खुणेवर कुणीतरी स्टीलर्सचे चाहते फिरवतात तो पिवळा टॉवेल अंथरला होता. फ्रँको २०२२ मध्ये गेला, या क्षणाला पन्नास वर्षं पुरी व्हायला तीन दिवस असताना. आजोबा लांब, दिव्याच्या खांबापाशी थांबले. फ्रँकोची ३२ नंबरची जर्सी कोटावरून चढवलेल्या एका आजींनी ती नारिंगी टोपी पाहिली आणि थर्मास घेऊन सरळ त्यांच्याकडे गेल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी स्वयंपाकघरात रेडिओभोवती सगळे उभे होते, वडिलांच्या हातात सुरी तशीच. "आणि तुम्ही?"

"मी दुसऱ्या दिवसाची वाट बघत होतो," आजोबा म्हणाले. २४ डिसेंबरला ब्राउन्स मायामीत होते, त्या मोसमात एकही सामना न हरलेल्या डॉल्फिन्ससमोर, आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये १४-१३ ने पुढे होते. हरले २०-१४. पुढच्या आठवड्यात त्याच मायामीने स्टीलर्सनाही हरवलं. आजींनी मान हलवली, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून त्यांच्या हातात दिली. कॉफी संपेपर्यंत दोघं बोलत होते, मी मागे सरकलो. मग आजोबा खुणेपाशी आले, वाकले, टॉवेलचं वाऱ्याने उलटलेलं टोक सरळ केलं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मायामीचा सामना पहिल्या क्वार्टरपासून सांगायला घेतला. कोलंबसचे दिवे दिसले तेव्हा चौथा चालू होता, आणि ब्राउन्स एका गुणाने पुढे होते.