आरस्ट्रिपने खाल्लेला 'टी'

दोन दिवस गेले यात आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

काम साधं होतं. फोल्डरमधल्या फायलींची नावं घ्यायची, शेवटचं '.टीएक्सटी' काढायचं आणि उरलेलं नाव दुसऱ्या यादीशी जुळवायचं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकुराच्या शेवटचं काढून टाकणारं फंक्शन, आरस्ट्रिप, आहेच, कंसात '.टीएक्सटी' दिलं. अर्ध्या तासात स्क्रिप्ट चालली.

पण काही नावं जुळेचनात. 'समरी' दरवेळी बरोबर, 'रिपोर्ट', 'बजेट' आणि 'इंडेक्स' मात्र नाही. नावात न दिसणारी स्पेस असेल म्हणून ती शोधली. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, तपासलं. यादी नव्याने उतरवली, सगळी अक्षरं लहान केली. काही फरक नाही, आणि एररही नाही! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक नावाची लांबी छापली, तेव्हा इंग्रजी 'रिपोर्ट'ची सहाऐवजी पाचच अक्षरं निघाली. शेवटचा 'टी' गेला होता. 'इंडेक्स'चा 'एक्स'सुद्धा.

आरस्ट्रिप कंसातला मजकूर शब्द म्हणून वाचतच नाही, तो सुट्या अक्षरांचा संच धरतो. टिंब, टी, एक्स यांपैकी काहीही शेवटी दिसलं की काढत राहतो, संचाबाहेरचं अक्षर लागेपर्यंत. इंग्रजीत 'टेक्स्ट.टीएक्सटी' दिलं तर फक्त 'टी' आणि 'ई' उरतात. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, मान्य. पण चुकीचं उत्तर इतक्या गुपचूप हातात पडावं, हे मला पटत नाही. पीएचपी आणि गो या दुसऱ्या भाषांमधले आरट्रिम आणि ट्रिमराइटही असेच वागतात. गोमध्ये शेवटचा अख्खा तुकडा काढायला ट्रिमसफिक्स वेगळा आहे.

पायथनमध्ये 3.9 पासून, म्हणजे 2020 पासून, असाच अख्खा तुकडा काढणारा रिमूव्हसफिक्स आहे. तोच वापरा. जुनी आवृत्ती असेल तर नाव त्या तुकड्याने संपतं का ते आधी एंड्सविथने तपासा, मग तुकड्याच्या लांबीइतकं शेवटून कापा. कापायचा तुकडा रिकामा नाही ना, हेही बघा, कारण मग लांबी शून्य येते, आणि उणे शून्यापर्यंत कापलं की सगळी स्ट्रिंगच, म्हणजे अख्खा मजकूरच, रिकामी होते.

हो, आणि उत्तर व्हेरिएबलमध्ये परत ठेवायला विसरू नका, मूळ स्ट्रिंग बदलत नाही. फक्त एक्स्टेन्शनच (नावाचा टिंबापासूनचा शेवट) काढायचं असेल तर पायथनसोबत येणाऱ्या पाथलिबचं स्टेम पुरतं.

ती एक ओळ बदलली आणि सगळी नावं जुळली. त्याच रात्री जुन्या स्क्रिप्टमध्ये आरस्ट्रिप शोधला. आणखी दोन ठिकाणी तसाच सापडला.