टोरॅगचे हातोडे

सोमवार, रात्री पावणेबारा

सहाही भाऊ मारले, भुयार पार केलं, दाराचं कोडं सोडवलं, पेटी उघडली. आत रून्स, म्हणजे जादूचे दगड, आणि थोडी नाणी. बायको कूस बदलत म्हणाली, "निघालं का काही?" हल्ली तीही विचारायचं म्हणून विचारते. मी म्हटलं, "उद्या."

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात मोरिटेनिया नावाचा दलदलीचा मुलूख आहे. तिथे सहा मातीचे ढिगारे आणि प्रत्येकाखाली एक भाऊ पुरलेला. फावड्यानं उकरून खाली उतरायचं आणि एकेकाला झोपेतून उठवायचं. प्रत्येकाच्या चार वस्तू पेटीतून निघू शकतात, म्हणजे एकूण २४. माझ्या २३ झाल्यात. उरलेत ते टोरॅगचे हातोडे. जुने खेळाडू ज्याला सरळ भंगार म्हणतात अशी वस्तू, बाजारात स्वस्तात पडून असते. पण कलेक्शन लॉगमध्ये, म्हणजे खेळातल्या संग्रहाच्या वहीत, विकत घेतलेलं धरत नाहीत. आपल्या पेटीतून निघालं तरच चित्र उजळतं. पान उघडलं की २३ उजळलेल्या चित्रांवर नजर ठरत नाही, त्या एका फिकट चौकोनावर जाते.

मंगळवार

मार्चअखेर. साडेनऊला घरी. खेळलो नाही.

बुधवार

भाच्याचा फोन. कोल्हापूरला इंजिनिअरिंग करतोय आणि खेळात माझ्या कितीतरी पुढे गेलाय. "मामा, तू अजून त्या थडग्यांतच? स्लेअर किती झालं?"

चौऱ्याऐंशी. स्लेअर म्हणजे नेमून दिलेले राक्षस मारण्याचं कौशल्य. दोन महिन्यांपूर्वीही चौऱ्याऐंशीच होतं. पंच्याऐंशी झालं की अॅबिसल डीमन नावाचे राक्षस मारता येतात. एक लेव्हल राहिलीये, आणि मी फावडं घेऊन ढिगारे उकरत बसलोय.

"आधी लेव्हल वाढव, वस्तू काय पळून जातात का?" हे वाक्य त्यानं माझ्या ताईच्या सुरात म्हटलं. ताई अभ्यासाबद्दल अगदी असंच बोलायची.

शुक्रवार, रात्री उशिरा

कर्जखात्यात काम करून एक खोड लागलीये. कुठलीही संख्या दिसली की तिचा हप्ता पाडायचा. आज जेवणाच्या सुट्टीत खेळाचाच हिशोब मांडला.

लेव्हल ९९ ला १,३०,३४,४३१ अनुभव-गुण लागतात. ९२ ला ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वर पोचलेला माणूस निम्म्या वाटेवर असतो. दर सातेक लेव्हलला लागणारी बेरीज दुप्पट होते म्हणून असं. गृहकर्जाचंही जवळजवळ हेच. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर निम्मं मुद्दल फिटायला चौदा वर्षं जातात. ग्राहकाला हे समजावताना त्याचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघतो. पण तिथे निदान तक्ता हातात देता येतो. अमुक तारखेला इतकं फिटेल. स्लेअरचंही तसंच, आज तासभर दिला तर तासाभराचं जमा होतं. कमी-जास्त होईल, पण वाया जात नाही.

संग्रहाचा तक्ता मात्र कुणी देऊ शकत नाही. २४ वस्तूंपैकी प्रत्येकीला सारखी संधी धरली तर पहिल्या बारा गोळा व्हायला सरासरी सोळा वस्तू निघाव्या लागतात. सगळ्या २४ व्हायला एक्क्याण्णव. निम्मा संग्रह होतो तेव्हा कष्टाचा पाचवा हिस्सासुद्धा झालेला नसतो! आणि शेवटच्या एकीसाठीच सरासरी आणखी चोवीस निघाव्या लागतात. नुसत्या पेट्या नव्हेत, वस्तू. बहुतेक पेट्यांत तर वस्तू नसतेच. शिवाय कितीही पेट्या रिकाम्या गेल्या तरी पुढच्या पेटीला त्याची दखल नाही. नाणं मागचं विसरतं तसं.

शाळेत असताना बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची. एकच खेळाडू माझ्याकडे सहा वेळा आला होता. तेव्हा निदान मधल्या सुट्टीत अदलाबदल चालायची. इथे तीही सोय नाही.

आता खरं सांगायचं तर भाचा बरोबर आहे, आणि तेच लागलं. मी ढिगाऱ्यांवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅजिकची, म्हणजे जादूची, लेव्हल जेमतेम ५० होती. एका फेरीला दहा-बारा मिनिटं जायची, त्या भावांपैकी धारोक तर मलाच दोनदा मारून टाकायचा (त्याचं रक्त जितकं कमी, तितका त्याचा घाव जड). पुढे ७५ करून ट्रायडंट हे जादूचं शस्त्र घेतलं आणि तीच फेरी निम्म्या वेळात व्हायला लागली. आधीच लेव्हल वाढवली असती तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या. बँकेत असा ग्राहक आला असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

पण पहिल्या बारा वस्तूंचा तो महिना मला अजून आठवतो. स्लेअरची ७० ते ८४ कशी झाली, त्यातलं एकही संध्याकाळचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

रविवार

ठरवलं होतं की आठवडाभर स्लेअर आणि रविवारी फक्त ढिगारे. सकाळी पोहे व्हायच्या आत दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या पेटीत टोरॅगचं शिरस्त्राण निघालं. तिसऱ्यांदा. तो माणूस मला सगळं देतोय, हातोडे सोडून.

दुपारी भाचा खेळात भेटला, ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात. ट्रेडची खिडकी उघडली आणि त्यानं काय ठेवावं? टोरॅगचे हातोडे. "घे मामा, मला बघवत नाही." मी घेतले. लॉगमध्ये ते उजळणार नाहीत हे त्यालाही माहीत होतं. खेळातल्या बँकेत पहिल्याच रांगेत ठेवलेत, तलवारीच्या शेजारी.

मग त्याच्या आग्रहाखातर संध्याकाळी स्लेअर घेऊन बसलो. उरलेलं काम फार नव्हतंच. पावणेआठला फटाके उडाले, पंच्याऐंशी. लगेच स्लेअर मास्टरकडे जाऊन पुढचं काम मागितलं, आणि नेमके अॅबिसल डीमनच मिळाले. त्यांच्याकडून चाबूक पडतो, ५१२ मध्ये एकदा. लॉग उघडून बघितलं तर चाबकाचा चौकोनही फिकट.

बायकोनं विचारलं, "आज तरी संपलं का?"

"आज एक वाढलं," मी म्हटलं.